अस्त्रालय, गौतमालय आणि आमची हलशी

गेल्या वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. माझी पुतणी तिथे सातवीत आहे. व्याख्यानाला बाहेरगावचे पाहुणे आले होते. आवाज भरदार, बोलणं ओघवतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय. त्याखाली ग्वाटेमाला म्हणजे गौतमालय, रशिया म्हणजे ऋषीय, व्हॅटिकन म्हणजे वाटिका. अमेरिका म्हणजे आपलं पाताळ आणि तिथले माया लोक हे मयासुराचे वंशज, असं सांगून त्यांनी शेवट केला. एकेका नावाला मुलं टाळ्या वाजवत होती. पुतणीने सगळं वहीत उतरवून घेतलं.

परत येताना गाडीवर मागे बसून तिने विचारलं, "काका, मग आपल्या हलशीचा अर्थ काय?"

हलशी आमच्याच तालुक्यात. भूवराह नरसिंहाच्या देवळात ती दोनदा जाऊन आलेली. सातासमुद्रापलीकडच्या नावांचे अर्थ तिला तासाभरात मिळाले आणि घराजवळच्या एका नावाचा अर्थ मात्र कोणी सांगितला नव्हता. तिच्या त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहितो आहे. ही जुळवाजुळव आता आमच्याकडे फक्त व्याख्यानात राहिलेली नाही. ती मोबाईलवर फिरते, गणेशोत्सवाच्या देखाव्यात दिसते, आणि सीमाप्रश्नाच्या वादातही शिरते. मला ती घातक वाटते. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना तर ती अजिबात शोभत नाही.

आधी फळ्यावरच्या नावांचं पाहू. ऑस्ट्रेलिया हे नाव लॅटिन 'ऑस्ट्रालिस' या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ दक्षिणेकडचा. युरोपातले नकाशे काढणारे लोक दक्षिणेच्या न पाहिलेल्या भूमीला 'टेरा ऑस्ट्रालिस' म्हणत. मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीने त्या खंडाच्या किनाऱ्याला वळसा घातला आणि १८१४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ऑस्ट्रेलिया हे नाव पुढे केलं. म्हणजे नाव दोनशे वर्षांचं. तिथे हजारो वर्षं राहत आलेल्या लोकांनी हा शब्द कधी ऐकलाही नव्हता. अस्त्रं ठेवायला तिथे कोणी गेलं असतं, तर त्याचा माग त्या लोकांच्या भाषांत सापडायला हवा. लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात तो कसा सापडेल?

ग्वाटेमालाची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. १५२४ साली पेद्रो दे आल्वारादो हा स्पॅनिश सरदार तो मुलूख जिंकायला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर मेक्सिकोतल्या त्लाश्कालाचे सैनिक होते. त्यांची भाषा नाहुआत्ल. त्या भाषेतला 'क्वाउतेमाल्लान' म्हणजे दाट झाडांचा प्रदेश. स्पॅनिश जिभेवर त्याचा ग्वाटेमाला झाला. गौतमाचा इथे काही संबंध नाही. जंगल पाहून एका परक्या सैन्याने ठेवलेलं हे नाव आहे.

आता हलशी. इसवी सनाच्या पाचव्या शतकातले कदंब राजांचे ताम्रपट तिथे सापडले. जॉन फेथफुल फ्लीट यांनी ते वाचून १८७७ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्या पत्र्यांवर गावाचं नाव आहे पलाशिका. पलाश म्हणजे आपला पळस. पलाशिकेची हलशी कशी झाली हे कळायला कानडीची एक खोड ठाऊक असावी लागते. जुन्या कानडीत शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'प' होता, तिथे पुढे 'ह' आला. दुधाला जुना शब्द पालु, आता हालु. वाघ पुलि होता, तो हुलि झाला. फुलाचं पू गेलं आणि हू आलं. पत्तु म्हणजे दहा, त्याचं हत्तु झालं. एकटी पलाशिका बदलली असती तर मी गप्प बसलो असतो. इथे सगळी भाषाच एका वाटेने सरकली, आणि पलाशिका तिच्याबरोबर सरकत हलशी झाली.

पुतणीला हे सांगितलं तेव्हा तिला लगेच हिरेबागेवाडी आठवली. मराठी कानाला 'हिरे' म्हणजे रत्नंच वाटणार. तिथे कधीकाळी हिऱ्यांचा बाजार भरायचा, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर आपण मान डोलवू. पण कानडीत 'हिरे' म्हणजे थोरलं. जुनं रूप पिरि. इथेही 'प'चा 'ह'. हिरेबागेवाडी म्हणजे थोरली बागेवाडी. हिरे गेल्याचं तिला क्षणभर वाईट वाटलं. मग तिने स्वतःच विचारलं, "म्हणजे हलगा, हिंडलगा, हुदली, सगळ्यांत आधी 'प' होता?" मी म्हटलं, तसं लगेच म्हणायचं नाही. जुना लेख मिळाला तर म्हणायचं. हा नियम नाव तपासायला उपयोगी पडतो. त्याने नाव घडवायला बसलं तर आपणही फळ्यावरच्या पाहुण्यांच्या पंगतीत जाऊन बसतो.

ध्वनी जुळला की नातं जुळलं, ही समजूतच या सगळ्याचं मूळ आहे. बदनाम, बदफैली यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक आणि ध्वनीही जवळचा. तरीही त्यांचं काही नातं नाही. निव्वळ योगायोग. उलट संस्कृत चक्र आणि इंग्रजी व्हील ऐकायला कुठे सारखे आहेत? पण ते एकाच मूळ शब्दाचे वारस आहेत, आणि प्रत्येक ध्वनी कुठल्या वाटेने बदलला हे दाखवता येतं. नुसत्या कानावर विसंबायचं ठरवलं तर आमच्या हलग्यावरून नेदरलँड्समधलं हेग वसलं, असंही सिद्ध करता येईल. ते करायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून त्याची किंमतही तेवढीच.

बेळगावाचं नाव हा आमच्याकडे नाजूक विषय. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ते बेळगावी झालं. त्याच तारखेला इकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि मराठी माणूस काळा दिवस पाळतो. त्यामुळे नावावरून बोलताना दोन्हीकडचा आवाज चढतो. कोणी कानडीतला 'बेळगु', म्हणजे पहाटेचा उजेड, पुढे करतं. कोणी वेळूचं गाव ते बेळगाव, म्हणजे गाव मूळचं मराठी, असं म्हणून विषय मिटवतं.

लेख काय सांगतात ते पाहू. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी आपली राजधानी इकडे आणली तेव्हा गावाचं नाव वेणुग्राम होतं. वेळुग्राम असंही रूप मिळतं. चौथ्या कार्तवीर्याचा प्रधान बीचिराज याने बेळगावच्या किल्ल्यात जिनालय बांधलं. आपण त्याला कमल बस्ती म्हणतो. त्याच्याशी संबंधित १२०४ सालचे कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वेणु म्हणजे बांबू. प्राकृतात त्याचं वेळु झालं, आणि मराठीत अजून आपण वेळूचं बन म्हणतो. मग 'व'चा 'ब' कुठून आला? मराठी 'व' सांभाळते. हिंदीत बीस, बिजली झालं तरी आपल्याकडे वीस आणि वीजच राहिली. कानडीत मात्र शब्दाच्या तोंडचा 'व' सर्रास 'ब' होतो. वर्णाचा बण्ण होतो, वनशंकरीची बनशंकरी होते, वातापीची बदामी होते. म्हणजे बेळगाव या नावात शब्द वेळूचा आहे आणि उच्चार कानडी तोंडाचा आहे. दोन भाषांनी मिळून घासलेलं हे नाव आहे. मला हे वाचून आनंद झाला होता, आणि अजूनही होतो. माझ्या काही मित्रांना मात्र ते आवडत नाही. त्यांना वाटतं, 'ब' कानडी म्हटला की आपण खटला हरलो.

इथे मला मनापासून सांगायचं आहे की आपला खटला नावाच्या व्युत्पत्तीवर उभा नाही, आणि तो तिथे उभा करणं हे आपलंच नुकसान आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखाची भाषा कानडी आहे म्हणून आज येळ्ळूरच्या, निपाणीच्या, खानापूरच्या मुलाला मराठी शाळा नको, असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. त्याच न्यायाने 'वेळू' मराठी आहे म्हणून आज कोणाचं राज्य कुठलं ते ठरत नाही. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. त्यात नावाच्या उगमाचा उल्लेख नाही. मूल आज घरात कोणती भाषा बोलतं एवढंच त्यात पाहिलं आहे. तलाठ्याकडचा उतारा मराठीत हवा, बसवर गावाचं नाव मराठीतही हवं, या मागण्या जिवंत माणसांच्या आहेत. त्यांना ताम्रपटाचा टेकू लागत नाही. टेकू दिला आणि उद्या जुना ताम्रपट कानडी निघाला, तर काय आपण मुलांना शाळेतून काढणार?

आता ग्वाटेमालाकडे पुन्हा येतो. तिथे आजही २२ माया भाषा बोलल्या जातात. किचे आहे, काक्चिकेल आहे, मॅम आहे. तिथल्या माणसांवर स्पॅनिश लादली गेली. शाळेत आपली भाषा बोलायची चोरी झाली. गेली कित्येक वर्षं ते आपल्या भाषेत शिक्षण, आपल्या भाषेत कारभार मागत आहेत. हे सगळं आमच्या ओळखीचं आहे. अशा माणसांना बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळेच्या फळ्यावर आपण सांगतो की तुमचा देश आमच्या गौतमाचा, तुमचे देवळांचे मनोरे आमच्या मयासुराने बांधले. आपल्या गावाच्या पाटीवर दुसऱ्याने रंग फासला की काय वाटतं ते आम्हाला ठाऊक आहे. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक उतरवला तेव्हा गावात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आणि आपण शब्दांनी तेच करायचं? दगड रचणाऱ्या, शून्य मोजणाऱ्या, पंचांग मांडणाऱ्या माया माणसाचं श्रेय काढून घ्यायचं, आणि त्याला अभिमान म्हणायचं? असा अभिमान मला माझ्या पुतणीला द्यायचा नाही.

या बोलण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की प्राचीन काळी समुद्रापार संपर्क नव्हताच, असं तुम्ही म्हणता का? नाही, तसं मी म्हणत नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. इजिप्तमधल्या बेरेनिके बंदरात भारतीय माठात भरून ठेवलेली साडेसात किलो काळी मिरी सापडली. तो व्यापार खरा होता. माल आहे, भांडं आहे, ते मातीच्या कुठल्या थरात मिळालं तेही नोंदलेलं आहे. उत्तर युरोपातून अटलांटिक ओलांडणाऱ्या नॉर्स लोकांचं वसतिस्थान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये १९६० साली सापडलं. तिथे त्यांनी १०२१ साली झाडं तोडल्याचं लाकडाच्या वलयांवरून नक्की झालं. कोलंबसाच्या आधी साडेचारशेहून जास्त वर्षं. शास्त्रज्ञांनी हे नाकारलं नाही. पुरावा आला आणि त्यांनी मानलं.

पण माझं आवडतं उदाहरण आमच्या शेतातलं आहे. नवरात्राच्या आधी बेळगाव-खानापूर पट्ट्यात रताळ्यांची काढणी असते. वेल कापून बाजूला ओढायचे आणि कुदळीने वरंबा उकरायचा, की तांबड्या मातीतून लालसर कंदांचा झुपका वर येतो. देठाशी तुटलं की तिथे दुधासारखा चीक येतो, तो बोटाला लागला की काळा डाग पडतो आणि दोन दिवस जात नाही. हे रताळं मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीजांच्या मागोमाग ते आपल्याकडे आलं. उपासाच्या ताटात बघा, रताळं, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं त्याच खंडातलं. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने एकादशीला काय खाल्लं असतं, हा विचार माझ्या मनात येतो.

मात्र रताळं हा शब्द जुना आहे. तो संस्कृत रक्तालूवरून आला, आणि तो शब्द लाल कोनफळासारख्या आपल्याकडच्या कंदाचा होता. नवा कंद आला, त्याने जुन्याचं नाव घेतलं. कानडीत गेणसु म्हणतात, तिथेही तेच झालं. मिरचीचंही तसंच. मरीच म्हणजे मिरी, तिचं नाव अमेरिकेहून आलेल्या तिखट फळाला मिळालं, आणि आज संकेश्वरी मिरची आपल्या जिल्ह्याची ओळख झाली. म्हणून जुन्या ग्रंथात रक्तालू आढळला की प्राचीन भारतात अमेरिकेचं रताळं होतं, असं म्हणता येत नाही. शब्द जुना असतो आणि वस्तू नवी असते. जिथे वस्तूबरोबर शब्दही आला, तिथे तो तसाच दिसतो. काजू ब्राझीलच्या तुपी लोकांचा अकाजू. निपाणीच्या वखारीत जिचा वास भरलेला असतो ती तंबाखू कॅरिबियन बेटांवरल्या तैनो लोकांकडून स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली.

याच रताळ्याने समुद्रापारच्या संपर्काचा एक खरा धागा हाती दिला आहे. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर युरोपीय लोक पोचण्याआधीपासून रताळं पिकत होतं. कुक बेटांतल्या मंगाया बेटावर त्याचे जळलेले तुकडे मिळाले, ते सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. न्यूझीलंडचे माओरी त्याला 'कुमारा' म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत त्याला 'कुमार' हा शब्द आहे. कोणी अजून हा शब्द फळ्यावर लिहिलेला मी पाहिला नाही, पण लिहिलाच तर संस्कृत कुमार तयार आहे. अभ्यासकांनी मात्र नुसत्या शब्दावर निकाल दिला नाही. २०१८ साली काहींनी रताळ्याच्या जनुकांवरून असा आक्षेप घेतला की माणसाशिवायही ते बेटांवर पोचलं असेल. २०२० साली बेटांवरल्या माणसांचेच जनुक तपासले गेले, आणि इसवी सन १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी यांचा संबंध आल्याचं दिसलं. होडीतून हजारो किलोमीटर समुद्र ओलांडणारी ती माणसं. बीचिराज बेळगावच्या किल्ल्यात बस्ती बांधत होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. हे मुलांना सांगा ना! यात थरार कमी आहे का?

कर्नाटकातही असा एक वाद झाला. सोमनाथपूरच्या होयसळ देवळात, १२५८ च्या, काही मूर्तींच्या हातात मण्यांनी भरलेली लांबट वस्तू आहे. ती मक्याची कणसं आहेत, म्हणजे कोलंबसाआधी मका भारतात होता, असं १९८९ साली दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलं. १९९३ साली पायक आणि सचान या भारतीय मका-शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं की ती कणसं नाहीत. मोत्यांनी मढवलेल्या फळाचं ते शिल्प आहे, असं इतर अभ्यासकही सांगतात. तेराव्या शतकाचा मक्याचा एकही जळका दाणा कर्नाटकच्या मातीत मिळालेला नाही. ज्वारी-नाचणीचे दाणे मिळतात, मग मक्याचेच का नाहीत? मला हा वाद आवडतो, कारण दोन्ही बाजूंनी हातातली वस्तू पुढे ठेवून बोलणं केलं.

दुसरा आक्षेप मुलांच्या आत्मविश्वासाचा. सीमाभागातल्या मराठी मुलाला आधीच दोन्हीकडून दुय्यम वागणूक मिळते, त्याला थोडा अभिमान मिळाला तर बिघडलं कुठे? माझ्या एका जवळच्या माणसाने हे विचारलं, आणि त्यामागची कळकळ मला समजते. पण हा अभिमान किती दिवस टिकेल? मूल पुढे पुण्याला, बंगळुरूला शिकायला जाईल, तिथे कोणी दोन मिनिटांत ऑस्ट्रेलियाचा खरा अर्थ सांगेल, आणि मग गावच्या शाळेत ऐकलेल्या प्रत्येक खऱ्या गोष्टीवरचाही त्याचा विश्वास उडेल. शिवाय खरं काय कमी आहे? अर्जेंटिना म्हणजे अर्जुन, असंही सांगितलं जातं. ते खोटं. पण चांदीचा लॅटिन शब्द 'आर्जेंटुम', ज्यावरून अर्जेंटिना आलं, आणि आपले रजत व अर्जुन हे शब्द खरोखर एका मुळाचे आहेत. अर्जुन याचा मूळ अर्थच पांढरा, चकचकीत. कानडी वेगळ्याच कुळातली, पण तिथेही पांढऱ्यावरूनच चांदीला बेळ्ळि म्हणतात. कोणी कोणाला जिंकलं नाही, कोणी कोणाचं आलय बांधलं नाही, तरी इतकी नाती सापडतात.

बेळगावच्या अंगाला वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकाळची वस्ती मिळाली, ब्राह्मी लेख मिळाला. शहरातली किती मुलं तिथे गेली आहेत? किल्ल्यात कमल बस्तीच्या छतातलं दगडी कमळ किती मुलांनी मान वर करून पाहिलं आहे? व्याख्यानाला खर्च होतो तेवढ्या पैशात एक बस करून हलशीला जाता येतं. देवळात गेल्यावर मुलांना सांगायचं की तुम्ही जिथे उभे आहात त्या गावाचं नाव पंधराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलं गेलं, आणि त्यातला पळस आजूबाजूच्या रानात शिमग्याला फुलतो.

पुतणीने आता वहीचं ते पान फाडलेलं नाही, तसंच ठेवलं आहे. पुढच्या पानावर तिने तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात गावाचं मराठी नाव, दुसऱ्यात कानडी माणसं काय म्हणतात ते, तिसऱ्यात सर्वांत जुनं मिळालेलं रूप. दुसरा रकाना भरायला ती शेजारच्या कानडी आज्जींकडे जाऊन बसते. त्या रताळी निवडत तिला सांगतात, ती देवनागरीत लिहून घेते. हलशी आणि बेळगाव यांच्यापुढचे तिन्ही रकाने भरले आहेत. बाकीच्या गावांपुढे तिसरा रकाना अजून कोरा आहे, आणि तो तिने कोराच ठेवला आहे.